ज्वालामुखीवरचा झेंडू

पहिला धक्का मला जमिनीने दिला. हातमोजा काढून तिथल्या काळ्या खडीवर मी पंजा टेकला आणि चटकन उचलला. जमीन कोमट होती. वर हवा अशी की डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच गोठत होतं. समोर दुमजली घराएवढा बर्फाचा सुळका उभा, त्याच्या टोकातून वाफ निघतेय, आणि खाली जमीन मात्र जेवणं उरकल्यावर चुलीजवळची भुई असते तशी.

"काय झालं? भाजला?" ताईने विचारलं.

"गरम आहे, ताई."

"व्होल्केनो आहे रे. गरम असणारच ना."

ती हसली. मला हसू आलं नाही. आपण ज्वालामुखीवर जाणार हे मला कितीतरी आधीपासून माहीत होतं, फोटो बघितले होते, सूचना ऐकल्या होत्या. पण माहीत असणं वेगळं आणि तळहाताला कळणं वेगळं. खाली काहीतरी जागं आहे आणि त्याच्या पाठीवर तंबू ठोकून आपण भात शिजवणार आहोत, हे मला त्या वेळी कळलं. पुढचे सगळे दिवस मी पाऊल जरा हळूच टेकत होतो.

मी तिथवर कसा पोचलो याचं मला अजून नवल वाटतं. शाळा मी नववीत सोडली. मिरजेजवळच्या गावातून एका खानावळीत, तिथून मुंबईच्या हॉटेलात आणि मालकाच्या ओळखीने लंडनमधल्या इल्फर्डला स्वयंपाकी म्हणून. इल्फर्डचं हॉटेल बंद पडलं तेव्हा वॉटफर्डच्या काकूंनी मला त्यांच्या घरातली वरची खोली दिली. काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. तिथल्या गणपतीत मी पंगतीचा स्वयंपाक केला होता आणि त्यांना माझी आमटी आवडली होती, एवढीच ओळख. "दुसरी नोकरी मिळेपर्यंत राहा रे," म्हणाल्या. "घर आधीच मोठं होतं, काका गेल्यापासून फारच मोठं झालंय." परक्या मुलखात असं कोण कोणाला म्हणतं? भाड्याचं विचारलं तर म्हणाल्या, "आधी आमटी कर."

ताई ही त्यांची एकुलती एक मुलगी. वॉटफर्डलाच जन्मली, तिथेच वाढली, आता बर्मिंगहॅमला एका विद्यापीठात संशोधन करते. जिथे ऊन पोचत नाही आणि माणूस पोचलेला नाही अशा ठिकाणच्या मातीत डोळ्यांना न दिसणारं काय काय जगतं, ते ती शोधते. एका रविवारी जेवताना तिनेच विषय काढला.

"साउथ पोलकडे आमचा बेस आहे ना, तिकडे समरला किचनमध्ये हेल्पर पाहिजे. तू अप्लाय कर."

"ताई, मी नववी."

"त्यांना पोटॅटो पील करणारा पाहिजे. ते नाइन्थपर्यंत शिकवत नाही का?"

काकूंनी तिच्या हातावर चापट मारली. मी अर्ज केला, आणि मला घेतलं. पत्र आलं तेव्हा मी ते काकूंकडून तीनदा वाचून घेतलं, काहीतरी चूक झाली असेल आणि आत्ता लक्षात येईल या भीतीने.

त्या तळावर रीत अशी की स्वयंपाकी असो नाहीतर प्लंबर, पाळी आली की त्याने शास्त्रज्ञांच्या मदतीला डोंगरावर जायचं. गुहेच्या कामाला तीन माणसं लागतात. दोघं आत उतरतात, एक तोंडाशी दोर आणि वायरलेस सांभाळत बसतो. तो तिसरा म्हणून ताईने माझं नाव दिलं. त्यासाठी निघण्याआधी मला आठवडाभर डर्बीशरला पाठवलं होतं, दोरीवर लटकायला शिकायला. ते नेमके नवरात्राचे शेवटचे दिवस होते. मी तेव्हा वॉटफर्डच्या घरी नव्हतो, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आमच्यातला दुसरा आमचा गाइड. स्कॉटलंडचा, पन्नाशी उलटलेला, दाढीत कायम बर्फ. मी त्याला सवयीने सर म्हणायचो आणि तो दर वेळी चिडायचा.

"सर म्हटलं की मला शाळा आठवते. आणि शाळेने मला हाकललं होतं."

"मलापण शाळा झाली नाही, सर."

"मग आपण दोघं मिळून या डॉक्टरीणबाईंना सांभाळू," तो म्हणाला. तेव्हापासून मला त्याच्याजवळ जरा धीर वाटायचा. तो धीरही फार टिकला नाही. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला उभं करून सांगितलं की माथ्यावरच्या मोठ्या खड्ड्यात वितळलेल्या दगडाचं तळं आहे. ते खदखदतं, मधूनच फुटतं, आणि तापलेले दगड वर उडतात.

"मोठा आवाज झाला तर पळायचं नाही. वर बघायचं. दगड कुठे येतोय ते बघायचं आणि बाजूला व्हायचं."

मला वाटलं थट्टा करतोय. मी ताईकडे बघितलं. ती बुटाची नाडी आवळत मान हलवत होती, म्हणजे हे तिला ठाऊक होतं.

"वर बघायचं?" मी विचारलं.

"वर. पळणाऱ्याला दगड दिसत नाही."

तिथे त्या दिवसांत रात्र होत नाही. सूर्य आभाळात गोल फिरत राहतो, कोणीतरी दोरी बांधून फिरवावा तसा. झोपेतही पापण्यांमागे उजेड असायचा, आणि त्या उजेडात मी पडल्या पडल्या वर बघण्याचा सराव करायचो. तंबूचं कापड दिसायचं.

काम सुरू करायच्या आधी गाइडने आम्हाला एका गुहेत नेलं. तिथे जायला सगळ्यांना मुभा होती. माझी पहिली बर्फाची गुहा ती. बर्फात एक तिरकं भोक होतं, माणूस कसाबसा मावेल एवढं, आणि त्यातून वाफ येत होती. आम्ही दोराने खाली सरकलो. डर्बीशरला शिकलेलं सगळं मी विसरलो होतो. हात मात्र विसरले नव्हते, हे बरं झालं.

खाली पाय टेकले आणि मी वर बघितलं. सगळीकडे निळा उजेड होता. आभाळाचा निळा नव्हे. नीळ घातलेल्या पाण्यातून काढलेलं धोतर उन्हासमोर धरावं आणि आपण त्याच्या आत उभं राहावं, तसा. छताला बर्फाची पानं लटकलेली, हाताच्या पंजाएवढी, कागदाहून पातळ. मी श्वास सोडला आणि त्यातली काही तुटून खाली आली, काचेच्या बांगड्यांच्या दुकानात कोणी टोपली लवंडावी तशा आवाजाने.

"बापरे! मी काही नाही केलं," मी म्हटलं.

"श्वास घेतलास," गाइड म्हणाला. "तेवढंही इथे पुष्कळ होतं."

आत हवा उबदार होती. उबदार म्हणजे पाणी जेमतेम गोठेल अशी, पण बाहेरून आलेल्याला ती उबच. जाकिटाच्या आत मला घाम फुटला. खाली काळी ओली माती होती. बर्फाच्या पोटात ओली माती! मी ती बोटाने उकरून बघणार, तेवढ्यात गाइडने माझा खांदा धरून मागे ओढलं. त्याच्या छातीवरचं गॅस मोजायचं यंत्र टीं टीं करत होतं. पुढे एक खळगा होता आणि त्यात डोंगरातून येणारा जड वायू साचला होता.

"तिथे वाकायचं नाही. वाकलास तर वाकलेलाच राहशील."

मी सरळ उभा राहिलो. इतका सरळ मी शाळेच्या प्रार्थनेतही कधी उभा राहिलो नव्हतो. इतकी सुंदर जागा, आणि गुडघ्याच्या उंचीवर मरण. कसलाही वास नाही, रंग नाही.

तेवढ्यात मला चिखलात बुटाचे ठसे दिसले. स्वच्छ, कडा न मोडलेले.

"कोण आलं होतं?"

"कोणी का असेना," गाइड म्हणाला. "मागच्या वर्षीचे असतील, नाहीतर दहा वर्षांमागचे. इथे पाऊस नाही, वारा नाही. पुसणार कोण?"

"म्हणून हे गुहा माझ्या कामाचा नाही," ताई म्हणाली. तिच्या मराठीतलं लिंग असंच फिरतं, मला त्याची सवय झाली आहे. "इकडे सगळीकडे माणसंच आहेत. त्यांच्या स्किनचे, शूजचे, सँडविचचे जर्म्स. मला जिकडे कोणी कधी नाही आलं, ते पाहिजे."

ते तिला मिळालं होतं. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मागच्या वर्षी बर्फाचं छत कोसळून एक नवीन तोंड उघडलं होतं. आत कोणीही गेलेलं नव्हतं. अशा गुहांवर कडक राखण असते. ताईने तीन वर्षं पाठपुरावा केला तेव्हा तिला परवानगी मिळाली, तीही एका प्रवेशाची. एकदा आत जायचं, माती घ्यायची, बाहेर यायचं. नीट झालं तर त्या मातीत जे सापडेल ते फक्त त्या डोंगराचं असेल. तिची पुढची सगळी वर्षं त्या मूठभर मातीवर उभी होती. मला त्यातलं शास्त्र कळत नव्हतं, पण आदल्या दिवशी तिने भात चिवडला आणि तसाच ठेवला, ते मला कळलं.

त्या गुहेच्या तोंडाशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं. ताईने पांढरा बंद पोशाख घातला, तोंडाला पट्टी, हातात मोज्यांवर मोजे. गाइडनेही. मी पाच पावलं मागे, दोर कमरेला, वायरलेस हातात. त्या तोंडाकडे बघून शिंकायचंही नाही असं मला बजावलं होतं.

ताईने बर्फावर पांढरी चादर अंथरली आणि तिच्यावर निळी पेटी ठेवली. तिच्यात तिची सगळी हत्यारं होती, स्टीलचे चमचे, लहान फावडी, नळ्या, चिमटे. बर्मिंगहॅमला प्रयोगशाळेत ती भट्टीत तापवून, एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशव्या बंद करून ठेवलेली. ती पेटी सोमवारी विमानतळावर न्यायची म्हणून शनिवार-रविवार वॉटफर्डच्या घरी हॉलमध्ये ठेवली होती.

तिने पहिली पिशवी उचलली. पिशवीच्या तोंडाशी जोड जरा वाकडा होता, सुरकुतलेला. ताईने तो उन्हात धरून बघितला. कात्रीने कापला आणि चमचा बाहेर काढला.

चमच्याच्या दांड्यावर हळदीचं बोट होतं, त्यावर कुंकवाचं. दोन तांदूळ चिकटलेले. आणि चमच्यामागून झेंडूची एक वाळकी पाकळी घसरून पांढऱ्या चादरीवर पडली.

आम्ही तिघंही हललो नाही.

"ब्लड?" गाइडने विचारलं.

ताईने माझ्याकडे बघितलं. पट्टीवर तिचे फक्त डोळे दिसत होते.

"हे काय आहे?"

मला उत्तर माहीत होतं. बघता क्षणीच माहीत होतं, आणि तेच भयंकर होतं. पृथ्वीच्या या टोकाला, जिथे मला शिंकायला बंदी, तिथे मला आमच्या गावातल्या सायकलवाल्याचं दुकान दिसलं. पाने-पक्कड ओळीने मांडलेले, प्रत्येकाला हळदीकुंकू, प्रत्येकावर फूल.

"खंडेनवमी," मी म्हटलं. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, ताई. ज्याचं जे हत्यार असेल त्याची."

"पण ही सील्ड होती! मी स्वतः सील केला!"

तिने दुसरी पिशवी उचलली. तोच वाकडा जोड. तिसरी. चौथी. काकूंनी एकही सोडलेली नव्हती. तेव्हा मला तो जोडही ओळखू आला. काकूंकडे हॅकसॉचं एक जुनं पातं आहे. मेतकूट, भाजणी, चकल्या, जे काही पिशवीत भरतील तिचं तोंड त्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून सर्रकन फिरवायचं. पिशवी दुकानातून आणल्यासारखी बंद. मुलीची हत्यारं त्यांनी बाहेर काढली, पुजली आणि तितक्याच काळजीने पुन्हा बंद केली. पेटीत चिमटासुद्धा इकडचा तिकडे झालेला नव्हता.

मी हे सगळं सांगितलं. गाइडला इंग्रजीत सांगताना माझी त्रेधा उडाली. 'हत्यारांचा वाढदिवस' असं काहीतरी मी म्हणालो. त्याने ऐकून घेतलं, आणि मग हळूच म्हणाला, "स्पिरिट आहे. पुसून घेऊ. इथे आपण तिघंच आहोत."

मला तर त्याचे पाय धरावेसे वाटले. "ताई, माझ्याकडे कुकर आहे तंबूत," मी म्हटलं. "काकूंनीच दिलाय, तीन लिटरचा. चार शिट्ट्या काढू. सगळं उकळून निघेल."

ती हसली, आणि मग तिच्या पट्टीखालून वेगळाच आवाज आला.

"कुकरमध्ये सगळे मरेल. पण मेलेलं पण मशीनला दिसते रे. मग मी काय सांगू सगळ्यांना? गुहेत झेंडू उगवते? आणि समज, नाही दिसलं काही. तरी आत जे पण मिळेल, मलाच वाटणार, हे खरं आहे की मम्मीचं?"

तिने पाकळी चिमट्याने उचलली, पिशवीत घातली, चादर आतल्या आत गुंडाळली आणि पेटी बंद केली. गुहेतली वाफ वारा नसल्यामुळे सरळ वर जात होती. आम्ही खाली आलो.

तंबूत तिने काकूंना फोन लावला. उपग्रहाचा फोन, बोललेलं पोचायला वेळ लागतो. थंडीमुळे आम्ही तिघं एकाच तंबूत गुडघ्याला गुडघे लावून बसलेलो, त्यामुळे सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"हॅलो? अगं बोल! आवाज तुटतोय. जेवलीस का?"

"मम्मी, माझा ब्लू बॉक्स तू ओपन केलास?"

थोडा वेळ नुसती खरखर.

"हो. खंडेनवमी नव्हती का? तू एवढी लांब कामाला निघालीस, तुझ्या वस्तूंना कोणी हळदीकुंकू लावायचं? पुन्हा बंद केलं हो मी सगळं. नीट केलंय."

"ते स्टेराइल होतं, मम्मी!"

"मग मीसुद्धा न्हाऊनच केली पूजा. पारोशी नव्हते."

ताई ओरडली. इतकी की गाइडने नजर खाली घातली, निम्मंच कळत असूनही. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. तीन वर्षं, एकच चान्स, कोणाचाही हात लागायला नको होता, तुला सांगितलं होतं, डोंट टच म्हटलं होतं. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. काकूंशी तसं बोललेलं मी कोणालाच ऐकलं नव्हतं. या दोघींच्या जिवावर मी उभा होतो, आणि त्या माझ्यासमोर तुटत होत्या.

मग काकू म्हणाल्या, "कोणाचाही हात नको? म्हणजे सोवळ्यातलं होतं ते?"

ताईने फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "सोवळं म्हणजे?"

सांगायचं कसं? आमच्या घरात सोवळं कधी नव्हतं. आमच्यामुळे दुसऱ्यांचं मोडायचं, त्यामुळे तो शब्द आम्हाला पाळणाऱ्यांपेक्षा जास्त पाठ. माझी आई गावातल्या देवस्थानच्या स्वयंपाकघराबाहेर भांडी घासायची. तिने लख्ख घासून ठेवलेली भांडी आतल्या बाया वरून पुन्हा पाणी ओतून मग उचलायच्या. मी तिथे पायरीवर बसून ते बघायचो.

"आंघोळ करून, धुतलेलं नेसून, कोणाला न शिवता करायचं ते," मी म्हटलं. "कोणी शिवलं की मोडलं. मग परत पहिल्यापासून."

"पण हे तर माझा प्रोटोकॉल आहे," ताई म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता, ती नुसती थक्क झाली होती. फोनवरचा हात काढून म्हणाली, "हो मम्मी. सोवळ्यातलं होतं."

"मग तसं सांगायचं ना गं!" काकूंचा आवाज फुटला. "डोंट टच काय! तू लहानपणापासून फ्रिजमधल्या केकलासुद्धा डोंट टच म्हणत आलीस. सोवळ्यातलं आहे म्हणाली असतीस तर मी त्या हॉलमधून गेले नसते. मागच्या दाराने बागेतून गेले असते."

"मला नव्हता माहीत हा वर्ड."

खरखर. मला वाटलं फोन तुटला.

"मीच नाही शिकवला," काकू म्हणाल्या. "मुद्दाम. दर महिन्याला चार दिवस बाहेर बसवायचे मला त्यापायी. पेला वेगळा, चटई वेगळी. इथे आले तेव्हा ठरवलं, हा शब्द माझ्या घरात नाही येणार. नाहीच आणला."

काकूंच्या स्वयंपाकघरात मी पहिल्या दिवशी दाराशीच थांबलो होतो. तेव्हा त्या आतून ओरडल्या होत्या, "अरे आत ये की, पोळ्या काय दारातून लाटणार?" मला तेव्हा वाटलं होतं या बाईला काही माहीतच नाही. तंबूत बसून मला कळलं, त्यांना सगळं माहीत होतं. गाइडने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी मान हलवली. काय सांगणार होतो त्याला?

"आता काय होणार तुझं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. परत येणार."

"मी जाऊ का बर्मिंगहॅमला, तुझ्या सरांकडे? ट्रेनने जाते. सांगते, माझ्या मुलीने नीट केलं होतं, हात माझा लागला."

"नको, मम्मी."

"खरंच जाते."

"माहितीय मला. नको."

"बरं. मग जेवलीस का?"

ताईने 'हो' म्हटलं. ते खोटं होतं. फोन ठेवल्यावर तिने पातेल्यातला गार भात काढून घेतला आणि सगळा खाल्ला, तळाची करपही खरवडून.

त्यानंतर तिला पुन्हा परवानगी मिळालेली नाही. झालेलं सगळं तिने त्याच दिवशी वायरलेसवरून खाली तळावर कळवलं, आणि बर्मिंगहॅमला परतल्यावर स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगितलं. तिथे कोणी तिला दोष दिला नाही म्हणतात, पण कोणी दुसरी तारीखही दिली नाही. ती आता दुसऱ्यांनी आणलेल्या मातीवर काम करते. काकू त्यावर बोलत नाहीत. मी अजून त्यांच्या वरच्या खोलीत राहतो, आणि पोळ्या आतच लाटतो.

पण मला लिहायचं होतं ते दुसऱ्या दिवशीचं. परवानगीचा तो शेवटचा दिवस. गाइडने सकाळीच सांगितलं, "राखीव पोशाख वेगळ्या पिशवीत आहेत. ती पिशवी तुझ्या आईच्या घरी गेलीच नव्हती. माती नको घेऊ, पण आत जाऊन बघून तरी ये. ती गुहा बघणारी तू पहिली असशील."

आम्ही पुन्हा त्या तोंडाशी गेलो. माझी खात्री होती की ती जाणार. एवढ्या लांब येऊन कोण दारातून परत फिरतं? ताईने पोशाखाची पिशवी हातात घेतली, उलटीसुलटी केली. मग आपल्या बोटांकडे बघितलं. काल याच बोटांनी तिने चादर गुंडाळली होती.

"तू काय केलं असतं?" तिने मला विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "मी गेलो असतो, ताई. आत काय आहे ते न बघता मला झोप लागली नसती."

"मला पण नाही लागणार," ती म्हणाली, आणि पिशवी गाइडच्या हातात दिली. "पण नंतर जो कोणी येईल, त्याला क्लीन मिळायला पाहिजे. माझ्यामागून येऊन त्याने हळद नको शोधायला."

गाइडने वाटेवर रोवलेल्या खुणेच्या काठ्या एकेक करून उपटायला घेतल्या. मी दोर गुंडाळायला हवा होता, पण हात चालेनात. मला राग आला होता, कोणाचा ते सांगता येत नव्हतं. जगात कुठेतरी एक खोली आहे, आम्ही तिच्या दारात उभे आहोत, आम्हाला कोणी अडवलेलं नाही, आणि तरी आम्ही आत जात नाही. दारात थांबण्याची मला लहानपणापासून सवय होती. स्वतःहून थांबलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.

ताई दोन पावलं पुढे गेली आणि त्या काळ्या तोंडासमोर उभी राहिली. मीही तिच्या बाजूला गेलो. आतून संथ, ओलसर हवा येत होती, ती गालांना लागत होती आणि तिच्यातली ओल तिथेच गोठत होती. आम्ही ती हवा घेत राहिलो. श्वास सोडायची वेळ आली की मात्र ताई मान वळवून बाजूला सोडायची, आणि मीही तसंच करायला लागलो.